न्यूयॉर्कचे कम्प्ट्रोलर पुन्हा पुन्हा निवडून येतात, यावरून नेमके काय कळते?

प्रश्न असा आहे की, न्यूयॉर्क राज्याचे कम्प्ट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेब-अधिकारी, थॉमस डिनापोली 2007 पासून पदावर आहेत आणि 2010, 2014, 2018 व 2022 अशा चार निवडणुका त्यांनी जिंकल्या आहेत; मतदारांनी इतक्या वेळा विश्वास टाकला याचा अर्थ राज्याचा पैसा नीट हाताळला जात आहे असा घ्यावा का, आणि भारतात नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नेमणूक होत असताना न्यूयॉर्कमध्ये हे पद निवडणुकीने का भरले जाते? स्थानिक संस्थांचे लेखापरीक्षण आणि निवृत्तिवेतनाची अंशदाने या दोन्ही बाजूंनी मी या राज्यात बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, फेरनिवडीचा निकाल उमेदवाराच्या राजकीय बळाविषयी पुष्कळ सांगतो आणि राज्याच्या निवृत्तिवेतन निधीच्या प्रकृतीविषयी फारच थोडे. निधीविषयी जाणून घ्यायचे असेल, तर मतमोजणीपेक्षा निवडणुकीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत त्या व्यक्तीने कोणते निर्णय घेतले ते पाहावे.

आधी पदाविषयी, कारण येथे अनेकांचा गोंधळ होतो. न्यूयॉर्क शहराचा कम्प्ट्रोलर वेगळा आणि राज्याचा वेगळा. राज्याचा कम्प्ट्रोलर सरकारी देयके अदा करतो, मोठी कंत्राटे अमलात येण्यापूर्वी तपासतो, राज्य सरकारच्या खात्यांचे आणि गावे, परगणे, शाळा-जिल्हे यांचे लेखापरीक्षण करतो, आणि राज्याच्या सामायिक निवृत्तिवेतन निधीचा एकमेव विश्वस्त असतो. शहराचे कर्मचारी आणि राज्यभरातील शिक्षक यांचे निधी निराळे आहेत. तरीही या निधीवर अकरा लाखांहून अधिक कर्मचारी, निवृत्त आणि त्यांचे वारस अवलंबून आहेत, आणि मार्च 2025 अखेर त्याचे मूल्य 273.1 अब्ज डॉलर होते. एवढ्या रकमेच्या गुंतवणुकीवर अखेरची सही एकाच निवडून आलेल्या व्यक्तीची असते. सल्लागार समित्या असतात, परंतु कायद्याने जबाबदारी त्या एकट्या व्यक्तीचीच.

भारतीय घटनेच्या 148 व्या अनुच्छेदाने महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपतींकडे दिली आणि निवृत्तीनंतर त्यांना केंद्र किंवा राज्य शासनात कोणतेही पद घेता येणार नाही अशी अट घातली. महाराष्ट्राचा पैसा विधिमंडळ मंजूर करते आणि वित्तमंत्री हाताळतात. त्यावरचा लेखापरीक्षण अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो. पदाची अभिलाषा उरू नये म्हणून पुढची वाटच बंद करणे हा आपल्याकडचा उपाय. न्यूयॉर्कने उलट वाट धरली. 1797 मध्ये हे पद निर्माण झाले तेव्हा त्यावर नेमणूकच होत असे. 1846 च्या राज्यघटनेने ते थेट जनतेच्या मतावर सोपवले, आणि त्यानुसार 1847 मध्ये निवडून आलेले पहिले कम्प्ट्रोलर म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले मिलर्ड फिलमोर. गव्हर्नरचे हिशेब तपासणारा माणूस गव्हर्नरच्या मर्जीवर नसावा हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही मला पटतो. मुदत चार वर्षांची असते, निवडणूक गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबरच होते आणि कितीही वेळा उभे राहता येते. आर्थर लेविट हे 1955 ते 1978 अशी सलग चोवीस वर्षे या पदावर होते.

फेरनिवडीचा निकाल पुरावा म्हणून का चालत नाही, हे 2006 च्या निवडणुकीइतके स्पष्ट दुसरे कशानेही होत नाही. ॲलन हेव्हेसी हे तेव्हा कम्प्ट्रोलर होते. सरकारी कर्मचाऱ्याला त्यांनी आपल्या आजारी पत्नीचा वाहनचालक म्हणून वर्षानुवर्षे वापरले आणि त्याचा खर्च राज्याला भरून दिला नाही, हे निवडणुकीच्या आधीच उघड झाले होते. परत करायची रक्कम पुढे दोन लाख डॉलरच्या वर गेली. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने त्यांना दोषी धरले, आणि त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नरपदाचे उमेदवार एलियट स्पिट्झर यांनी आपला पाठिंबा काढून घेतला. त्यांच्यासमोर सॅराटोगा परगण्याचे माजी कोषाध्यक्ष ख्रिस्तोफर कॅलहान हे रिपब्लिकन उमेदवार होते. ते हिशेबाचे जाणकार होते, परंतु राज्यभर त्यांना ओळखणारे फारच थोडे होते. त्या दिवशी स्पिट्झर यांना दोन तृतीयांशांहून अधिक मते पडली आणि हेव्हेसी यांना साधारण 56 टक्के. प्रकरणाची किंमत त्यांना दहापेक्षा जास्त टक्क्यांनी मोजावी लागली, पण जागा गेली नाही. 22 डिसेंबर 2006 रोजी त्यांनी गुन्हा कबूल करून राजीनामा दिला, म्हणजे जी दुसरी मुदत मतदारांनी दिली होती ती सुरूच झाली नाही.

आणि वाहनचालकाचे प्रकरण हे त्यातले लहान होते. निवृत्तिवेतन निधीची गुंतवणूक मिळवून देण्याच्या बदल्यात मध्यस्थ, राजकीय सल्लागार आणि निधीचे अधिकारी यांच्यात पैशाची देवाणघेवाण चालू होती, हे पुढच्या काही वर्षांत बाहेर आले. एका गुंतवणूक कंपनीला 25 कोटी डॉलरचे काम मिळावे म्हणून सुमारे दहा लाख डॉलरचे लाभ स्वीकारल्याचे हेव्हेसी यांनी 2010 मध्ये कबूल केले. त्यांत परदेशप्रवास होता, निवडणूक देणग्या होत्या आणि एका मित्राला दिलेले खोटे सल्लागार शुल्क होते. 2011 मध्ये त्यांना एक ते चार वर्षांची शिक्षा झाली. 2006 च्या मतदाराला यातले काहीही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचा मार्गही नव्हता. वाहनचालक ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. गुंतवणुकीच्या करारातले मध्यस्थाचे शुल्क दिसत नाही.

या प्रकरणातली एक बाब मला नेहमी विचारात पाडते. हेव्हेसी यांच्याच कारकिर्दीत, 2005 मध्ये, त्यांच्या कार्यालयाने लाँग आयलंडवरील रोझलिन शाळा-जिल्ह्यातला 1.12 कोटी डॉलरचा अपहार तपशीलवार मांडला. ते लेखापरीक्षण उत्तम होते. त्यानंतर राज्यातील सर्व शाळा-जिल्ह्यांचे लेखापरीक्षण बंधनकारक करणारा कायदा झाला आणि त्याचा फायदा आजवर होत आहे. म्हणजे कार्यालय चोख काम करत असताना त्याचा प्रमुख भ्रष्ट असू शकतो. या पदाविषयी बोलताना कार्यालय आणि व्यक्ती यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात.

हेव्हेसी गेल्यावर रिकामे पद विधिमंडळाने भरायचे होते. माजी कम्प्ट्रोलरांच्या त्रिसदस्यीय मंडळाने तीन नावे सुचवली होती. विधिमंडळाने ती बाजूला ठेवली आणि फेब्रुवारी 2007 मध्ये आपलेच सहकारी, नासाऊ परगण्याचे आमदार डिनापोली यांना 150 विरुद्ध 56 मतांनी निवडले. गव्हर्नर स्पिट्झर यांनी त्यावर उघड राग व्यक्त केला. डिनापोली यांची तोवरची ओळख अठराव्या वर्षी मिनिओलाच्या शाळा मंडळावर निवडून आलेला, सर्वांशी मिळून वागणारा राजकारणी अशी होती. गुंतवणुकीचा अनुभव नव्हता. म्हणून 2010 ची निवडणूक ही त्यांची पहिली, आणि माझ्या मते आजवरची एकमेव खरी कसोटीची निवडणूक ठरली. प्रतिस्पर्धी हॅरी विल्सन हे हेज फंडात काम केलेले, ओबामा प्रशासनाच्या मोटार उद्योग कृती दलात असलेले रिपब्लिकन होते. त्यांनी स्वतःचा बराच पैसा ओतला. न्यूयॉर्क टाइम्ससह शहरातल्या मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांना पसंती दिली. गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार अँड्र्यू कुओमो यांनी डिनापोली यांना जाहीर पाठिंबा दिला नाही. शहराबाहेरच्या बहुतेक भागांत विल्सन पुढे होते, आणि शहरातल्या डेमोक्रॅटिक मतांनी व कामगार संघटनांच्या बळाने डिनापोली सुमारे पन्नास-एकावन्न टक्क्यांवर तरले.

त्या निवडणुकीच्या आधी त्यांनी काय केले ते मात्र फार थोड्या मतदारांच्या लक्षात आले. निवृत्तिवेतन निधीत पैसा तीन वाटांनी येतो: कर्मचाऱ्याचे अंशदान, नियोक्त्या संस्थेचे अंशदान आणि गुंतवणुकीचा परतावा. परतावा किती येईल याचा एक दर गृहीत धरून नियोक्त्यांचे बिल काढले जाते. गृहीत दर उंच ठेवला की आजचे बिल लहान होते आणि खड्डा पुढच्या पिढीच्या नावावर जातो. दर खाली आणला की गावाला, परगण्याला, पोलीस खात्याला आजच जास्त भरावे लागते. निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसासाठी पहिला मार्ग सोपा असतो. आर्थिक संकटात मार्च 2009 पर्यंतच्या एका वर्षात निधीचे 26 टक्क्यांहून अधिक नुकसान होऊन त्याचे मूल्य 153.9 अब्ज डॉलरवरून 109.9 अब्जांवर आले होते. अशा स्थितीत सप्टेंबर 2010 मध्ये, मतदानाला दोन महिने उरलेले असताना, डिनापोली यांनी गृहीत दर 8 टक्क्यांवरून 7.5 टक्क्यांवर आणला आणि सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठीचे सरासरी अंशदान पगाराच्या 11.9 टक्क्यांवरून 16.3 टक्के होणार असल्याचे जाहीर केले. हे धैर्याचे काम होते. त्याच उन्हाळ्यात अंशदानाचा काही भाग दहा वर्षांत व्याजासह फेडण्याची सवलत देणारा कायदाही झाला, आणि त्याची कल्पना त्यांचीच होती. निधीकडूनच उसने घेऊन निधीचे बिल भरण्याचा हा प्रकार आहे अशी टीका झाली; ती मला रास्त वाटते, कारण सवलतीचा सर्वांत मोठा लाभ अडचणीतल्या गावांपेक्षा खुद्द राज्य सरकारने घेतला.

आता काळाचे गणित पाहा. निधीतला अनपेक्षित नफा-तोटा त्या काळी पाच वर्षांत विभागून धरला जात असल्यामुळे 2008-09 च्या तोट्याचे ओझे हळूहळू चढत गेले आणि अंशदान 2013-14 मध्ये 20.9 टक्क्यांच्या शिखरावर पोहोचले. ज्या निवडणुकीत त्यांना जेमतेम यश मिळाले, ती बिल मध्यम असताना झाली. आणि बिल शिखरावरून नुकते उतरू लागले होते तेव्हा, 2014 मध्ये, त्यांनी ओनंडागा परगण्याचे कम्प्ट्रोलर रॉबर्ट अँटोनाची यांचा सुमारे साठ टक्के मते घेऊन पराभव केला. मतदारांच्या कौलाचा आणि निधीच्या ओझ्याचा परस्परांशी संबंध शोधला तर तो सापडत नाही. उद्या हाच प्रश्न कोणी उलट बाजूने विचारला, म्हणजे कम्प्ट्रोलर हरला म्हणून निधी बुडाला का असे विचारले, तरी माझे उत्तर बदलणार नाही.

2014, 2018 आणि 2022 या तीनही वेळा डिनापोली आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरपेक्षा जास्त टक्के मते घेऊन आले. 2018 मध्ये त्यांना सुमारे 67 टक्के मते होती. 2022 मध्ये गव्हर्नर कॅथी होकल साधारण 53 टक्क्यांवर असताना त्यांना 57 टक्के मिळाली. याची कारणे मला साधी दिसतात. गव्हर्नरवर राग धरायला कारणे असतात: कर, गुन्हेगारी, भाडे, रेल्वे. कम्प्ट्रोलरवर राग धरण्याएवढी त्याची कोणाला माहितीच नसते. राज्यात डेमोक्रॅटिक नोंदणी रिपब्लिकन नोंदणीच्या दुपटीहून अधिक आहे, एकाच उमेदवाराचे नाव कामगारांच्या छोट्या पक्षाच्या रांगेतही छापता येते, आणि ज्यांचे निवृत्तिवेतन या माणसाच्या हाती आहे असे लाखो लोक स्वतः मतदार आहेत. विरोधी पक्ष पैसा आणि चांगला माणूस गव्हर्नरच्या लढतीत खर्च करतो. खालच्या जागेवर येतो तो बहुधा अनोळखी उमेदवार. डिनापोली यांच्या स्वच्छ आणि शांत प्रतिमेचाही त्यात वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. 2016 मध्ये त्यांच्या कार्यालयातल्या रोखे विभागाच्या प्रमुखावर लाचखोरीचा खटला भरला गेला, तेव्हाही ठपका त्यांच्यावर आला नाही, कारण निधीच्या कामकाजातून मध्यस्थांना त्यांनी 2009 मध्येच बंदी घातली होती आणि त्या अधिकाऱ्याच्या गुन्ह्याशी त्यांचा संबंध दिसला नाही.

मला त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय 2021 चा वाटतो. मार्च 2021 अखेरच्या वर्षात निधीला 33.55 टक्के परतावा मिळाला; आकडा विलक्षण होता, कारण मोजणी महामारीच्या तळापासून सुरू झाली होती. पुढच्या वर्षी निवडणूक होती. हा सगळा नफा नियोक्त्यांची बिले कमी करण्यात वाटून टाकला असता तर राज्यभर टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी गृहीत दर 6.8 वरून एकदम 5.9 टक्क्यांवर आणला. तरीही बिल 16.2 वरून 11.6 टक्क्यांवर उतरले, परंतु उतरू शकले असते त्यापेक्षा कमी. चांगल्या वर्षाचा पैसा वाईट वर्षासाठी अडवून ठेवणे ही निधी सांभाळणाऱ्याची पहिली जबाबदारी, आणि ती येथे पार पडली. दोनच वर्षांनी, मार्च 2023 अखेरचे वर्ष उणे 4.14 टक्क्यांचे निघाले.

तथापि निधी टिकतो तो केवळ चांगल्या माणसामुळे नव्हे. 1938 पासून न्यूयॉर्कच्या घटनेत अशी तरतूद आहे की, निवृत्तिवेतन हा करार आहे आणि त्याचे लाभ कमी करता येणार नाहीत. 1975 मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना शहराला वाचवण्यासाठी काढलेले रोखे राज्याच्या निधीने विकत घेतलेच पाहिजेत असा कायदा झाला. लेविट यांनी नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने निकाल दिला की, विश्वस्ताचा विवेक काढून घेणारा असा कायदा घटनेविरुद्ध आहे. 1990 मध्ये अंशदान काढण्याची पद्धत बदलून राज्याचे बिल कमी करण्याचा विधिमंडळाचा प्रयत्नही 1993 मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. हडसन नदीच्या पलीकडे, जेथे आपली मराठी वस्ती मोठी आहे त्या न्यू जर्सीत, असे कुंपण नव्हते. तेथे दोन्ही पक्षांच्या सरकारांनी वर्षानुवर्षे अंशदान बुडवले, 1997 मध्ये 2.8 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढून भोक बुजवण्याचा प्रयत्न केला, आणि 2010 मध्ये निधीची स्थिती रोखे विकताना लपवल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाने खुद्द राज्यावर कारवाई केली. दोन शेजारी राज्यांतला हा फरक मतदारांच्या शहाणपणाचा नाही. बिल भरावेच लागते की नाही याचा आहे. ज्यांनी 2005 नंतर नोकरीला लागून जुन्या निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रात आंदोलने केली, त्यांनी या फरकाकडे अवश्य पाहावे.

मग एकमेव विश्वस्ताची पद्धत ठेवावी का? माझे मत एका व्यक्तीऐवजी विश्वस्तांच्या मंडळाच्या बाजूने आहे, पण लेविट यांचा नकार मी विसरू शकत नाही. मंडळाने 1975 मध्ये नकार दिला असता की नाही याची मला खात्री वाटत नाही. दुसऱ्या बाजूला कनेक्टिकट राज्य आहे. तेथेही एकच निवडून येणारा कोषाध्यक्ष निधी सांभाळतो. 1998 मध्ये पदावरील कोषाध्यक्ष पॉल सिल्व्हेस्टर हे डेनिस नॅपियर यांच्याकडून हरले, म्हणजे मतदारांनी त्यांना दूर केले; आणि पराभवानंतर पद सोडेपर्यंतच्या काही आठवड्यांतच त्यांनी घाईघाईने मोठमोठ्या गुंतवणुका वाटल्या. 1999 मध्ये त्यांनी भ्रष्टाचाराचे गुन्हे कबूल केले. तेव्हा कनेक्टिकटने सल्लागार मंडळाला अधिक अधिकार दिले. उत्तर कॅरोलिनाने 2025 मध्ये एकट्या कोषाध्यक्षाच्या हातून गुंतवणुकीचा अधिकार काढून मंडळाकडे देणारा कायदा केला. दरम्यान, 2010 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने असा नियम केला की, निधीवर अधिकार असलेल्या उमेदवाराला मामुली मर्यादेपलीकडे देणगी देणाऱ्या गुंतवणूक सल्लागाराला दोन वर्षे त्या निधीकडून शुल्क घेता येणार नाही. मतदारांनी जे केले नाही ते या नियमाने बरेचसे साधले.

लेखापरीक्षणाच्या बाबतीत निकष वेगळा लावावा: वेळ कोणती साधली? कुओमो यांच्या काळात वृद्धाश्रमांतल्या कोविड मृत्यूंपैकी किमान 4,100 जाहीर आकड्यांत आले नव्हते, हे डिनापोली यांच्या कार्यालयाने मार्च 2022 मध्ये पक्के मांडले. काम कसून केलेले होते. पण तोवर कुओमो राजीनामा देऊन गेले होते, आणि महाधिवक्त्यांनी तीच गोष्ट वर्षभर आधी सांगितली होती. 2011 मध्ये राज्य विद्यापीठाची कंत्राटे आधी तपासण्याचा डिनापोली यांचा अधिकार काढून घेण्यात आला, आणि नेमक्या त्याच परिसरात पुढे बफेलोच्या मोठ्या विकासकामांत निविदा फिरवल्याचे खटले उभे राहिले. त्यांनी विरोध नोंदवला होता. आवाज मात्र फार मोठा नव्हता. सौम्य स्वभाव हे त्यांच्या फेरनिवडीचे बळ आहे आणि लेखापरीक्षक म्हणून तीच त्यांची मर्यादा आहे.

आता उरतो प्रश्न, मतदार म्हणून काय पाहावे. न्यूयॉर्क राज्याचे आर्थिक वर्ष भारतासारखेच 1 एप्रिलला सुरू होते. पुढील वर्षाची अंशदाने ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात जाहीर होतात, म्हणजे निवडणुकीच्या वर्षी मतदानाच्या सुमारे दोन महिने आधी. ते पत्रक काढून त्यात तीन आकडे शोधावेत: गृहीत परतावा दर, तो गेल्या वेळेपेक्षा वर गेला की खाली, आणि आपल्या गावाचे बिल. गावाच्या लेखाधिकाऱ्याला ते बिल 1 फेब्रुवारीपर्यंत भरायचे असते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत भरल्यास सूट मिळते, आणि त्याच्या अंदाजपत्रकातल्या मालमत्ता कराच्या आकड्यात ते थेट उतरते. पदावरील व्यक्तीने दर वर ढकलून बिल लहान दाखवले असेल, तर तेवढे एक कारण तिच्या विरोधात मत देण्यास पुरेसे मानावे. 2022 च्या सप्टेंबरात, चौथ्या निवडणुकीच्या तोंडावर, डिनापोली यांनी दर 5.9 वरच ठेवला आणि सरासरी बिल 11.6 वरून 13.1 टक्के होईल असे जाहीर केले. पुढील दोन वर्षांत ते 15.2 आणि 16.5 टक्क्यांपर्यंत गेले.